एकोणीस शेक

दिनांक १२ जानेवारी १९८७, सोमवार. रक्कम अठराशे रुपये, तीस शेकांचे आगाऊ. हजर चौघे: माझा थोरला भाऊ, वहिनी, मी आणि औरंगाबादच्या एका धर्मादाय इस्पितळातले फिजिसिस्ट. शेक म्हणजे कोबाल्टच्या यंत्राखाली झोपून किरण घेणे; तिथे सगळे त्याला शेकच म्हणत. फिजिसिस्ट डॉक्टर नव्हते. किरण कुठून आणि किती वेळ द्यायचे, याचे गणित त्यांच्याकडे होते.

दादाच्या मानेत डावीकडे लिंबाएवढी कॅन्सरची गाठ होती. फिजिसिस्टनी तिच्याभोवती जांभळ्या शाईने चौकोन आखला आणि बजावले, "ही रेघ पुसायची नाही. तेल-पाणी लावायचे नाही. शेकात खाडा पाडायचा नाही."

दादा म्हणाला, "साहेब, गणिताचं ह्या धाकट्याला सांगा. चहात साखर बी मोजून घालतो त्यो."

मी खरोखरच विचारत असे. त्यांच्या खोलीत पाण्याची टाकी होती. माणसाचे अंग बहुतेक पाणीच, म्हणून तिच्यात किरण किती खोल पोचतात ते मोजत. उपचारात खाडा पडला तर किती नुकसान होते, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. यंत्रातला कोबाल्ट आपोआप क्षीण होतो, म्हणून तेवढ्याच मात्रेला दर महिन्याला वेळ थोडा वाढवावा लागतो, असे त्यांनी मला आकड्यांत दाखवले.

"शनिवार-रविवार यंत्र बंद असतं. तेव्हा गाठ काय करते?" मी विचारले.

"दोन दिवस चालतात. त्याहून जास्त नको. ती सुट्टी घेत नाही."

प्रजासत्ताक दिनाची सुट्टी वजा जाता चार आठवड्यांत एकोणीस शेक झाले. गाठ सुपारीएवढी उरली. चौकोनातली कातडी मात्र तांबूस आणि हुळहुळी झाली होती. आईचा निरोप आला, म्हणून दादा आणि वहिनी दोन दिवस आमच्या गावी पोखर्णीला गेले. मी परभणीत माझ्या घरी थांबलो.

सोमवारी सकाळी दादाने मानेचे फडके सोडले. चौकोनाची एक बाजू पुसली होती. आत फोड फुटून साल निघाली होती.

"हे काय लावलंत?" फिजिसिस्टनी विचारले.

"लावलं काई न्हाई," वहिनी म्हणाली. "आत्याबाईंनी ईट तापवून शेक दिला. दोन येळा, दोन दिवस." आत्याबाई म्हणजे तिची सासू, आमची आई.

"कशाला पण?"

"दोन दिवस तुमचं यंत्र बंद असतंय ना? खाडा पडू नये म्हणून."

फिजिसिस्टनी पुसलेली रेघ पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाले, "शेक हा शब्द आमचाच. लोकांना कळावं म्हणून म्हणतो."

डॉक्टरांनी कातडी भरेपर्यंत उपचार थांबवले. तीन आठवडे. फिजिसिस्टनी खाड्याची भरपाई किती जादा किरणांनी होईल ते मांडून पाहिले आणि कागद बाजूला सारला. "कागदावर भरून निघतंय. ह्या कातडीला सोसणार नाही."

परतीच्या गाडीत परभणी जवळ आली तशी दादाने मानेचे फडके नीट बांधले. मग म्हणाला, "आईला ह्यातलं अक्षर कळू द्यायचं न्हाई. तिनं चांगल्यासाठी केलंय."

पोखर्णीत कातडी भरत आली, पण तिच्याखाली गाठ परत फुगत होती. दादाच्या सदऱ्याचे आधी एक बटण उघडे राहू लागले, मग दोन. आई रोज संध्याकाळी चुलीपाशी बसून विचारायची, "शेक बंद झाल्यापासून वाढायलीय रे. ईट ठिवू का?"

"नको माय. डॉक्टर नको म्हणलाय."

"त्याला काय जातंय नको म्हणाया. तो देईना, मला दिऊ देईना."

दादा माझ्याकडे बघायचा. मी खाली बघायचो. पुढे त्याचा आवाज बसला. मग तो आईला नुसता हात हलवून नको म्हणू लागला.

मार्चच्या सुरुवातीला औरंगाबादला गेलो तेव्हा त्याला पाणीही गिळवत नव्हते. डॉक्टरांनी मान चाचपली आणि हात धुवायला गेले. फिजिसिस्टनी शाईची बाटली उघडली नाही. पाडव्याच्या आठवडाभर आधी दादा गेला.

न घेतलेल्या अकरा शेकांचे, साठप्रमाणे, सहाशे साठ रुपये इस्पितळाने एप्रिलात वहिनीला परत दिले. तिने घरी येऊन ते आईसमोर ठेवले.

"हे कशाचे गं?" आईने विचारले.

"चुकून जास्तीचे घेतले होते त्यायनी," वहिनी म्हणाली.