टिटवी आणि सुरय

स्वातंत्र्यानंतर तीनेक वर्षांनी, ठाण्याच्या शाळेत नुकताच शास्त्र शिकवू लागलेला मी मिठागरात पक्षी पाहायला गेलो. मीठ ओढणारी एक बाई बांधाजवळ ओणवी होऊन चिखल थापत होती. खाडीचं पाणी आत यायचं होतं, म्हणून टिटवी आणि सुरय या दोन पक्ष्यांची घरटी ती उंच करत होती.

मी म्हटलं, “पुस्तकात हे दोघे जुने भाऊबंद म्हणतात. मला पटत नाही. टिटवी लांब पायांनी चिखलात चालते, सुरय सूर मारून मासे धरतो.”

हात न थांबवता ती म्हणाली, “दादा, पाय कामापरमानं बदलतान. अंडी बगा, येकाच आयेची वाटतान.”

दोन्हीकडे तशीच मातकट, ठिपकेदार अंडी होती.

पंधरा दिवसांनी वर्ग घेऊन गेलो, तेव्हा घरट्यांजवळ पिल्लं होती. ती बाई मुलांना पिल्लं लांबूनच दाखवत होती. धडा तिनेच घेतला; मी मुलांत बसून ऐकला.