लाल कोब्याचं ठिगळ

थंडीत हीटर पहिल्यांदा लावला की जळक्या धुळीचा वास येतो आणि मला आईची बिजलीची शेगडी आठवते. मध्यभारत राज्याचे दिवस होते. इंदूरातच बनलेल्या त्या शेगडीच्या आचेने स्वयंपाकघरातला लाल कोबा तडकला. मला आणि शेगडीला घेऊन आई थेट ती बनवणाऱ्या स्नेहलतागंजातल्या कारखान्यात गेली. मालक म्हणाले, “बाईजी, टेबल पे रखनी थी.” “पूरा इंदौर नीचे बैठ के रोटी बनाता है,” म्हणत आईने शेगडी त्यांच्याच चकचकीत फरशीवर ठेवली, सुरू केली आणि शेजारी मांडी घालून बसली. “अब चाय का पानी मंगाओ, भिया.” मालकांनी धावत येऊन बटण बंद केलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा गवंडी आमच्या दारात होता. त्याने लावलेलं ठिगळ जरा जास्तच लाल झालं. आता माझा मुलगा त्याच स्वयंपाकघरात टाइल्स बसवायचं काढतो, तेव्हा मी त्या ठिगळावर जाऊन मांडी घालून बसते.