सतरा नंबरपाशी रस्ता का वळतो

बारामतीहून जळोचीकडे जाताना कडेला लहान घरांची एक वसाहत लागते. तिच्यातला मधला रस्ता सोळाव्या घरापर्यंत दोरी धरल्यासारखा सरळ जातो, सतराव्या घरापाशी एकदम डावीकडे वळतो आणि घर ओलांडलं की पुन्हा जागेवर येतो. नव्या माणसाला वाटतं, इथं कुणा पुढाऱ्याचा भाचा राहत असणार. कुणी म्हणतं, खाली देवाचं ठाणं आहे. मी कुणाचंच खोडून काढत नाही. खरं सांगितलं तर लोक मला वेड्यात काढतील. तो रस्ता मेंढरांनी वळवला, आणि त्याआधी तो कागदावर सरळ आखणारा दीडशहाणा मी होतो.

ही १९९५च्या आसपासची गोष्ट. कमी मिळकतीच्या लोकांना घरासाठी कर्ज देणारी एक योजना होती आणि तिच्यावर मी ओव्हरसियर. रोज इंदापूरहून एसटीनं यायचो. जागा आखून द्यायची, जोतं झालं की पाहणी, भिंती दारावरच्या लिंटलपर्यंत आल्या की पाहणी, स्लॅब पडला की पाहणी. दर वेळी माझी सही झाली की कर्जाचा पुढचा हप्ता सुटायचा. लोक माझ्या सहीची वाट पाहायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

गोजरबाई ऑफिसात आली ती अर्ज भरायला. साठीची, काटक, कपाळावर हिरवं गोंदण, आणि बोलताना दोन्ही हात कंबरेवर. जातीची धनगर. एके काळी दोनशे मेंढरं होती म्हणे, आता चाळीस उरली होती. मुलगा बिरू एमआयडीसीत रोजंदारीला लागला होता. मी अर्ज पुढं ओढला आणि विचारलं, "पत्ता?"

"कंचा सांगू, सायब? पावसाळ्यातला का उन्हाळ्यातला?"

मला हसू आलं. तिला आलं नाही. ती खरंच विचारत होती.

"बरं, मुलाचं जन्मठिकाण?"

"नीरेच्या कालव्याकडंला, बाभळीखाली. थोरली लेक वालचंदनगरच्या अलीकडं, उसाच्या बांधावर."

मी वालचंदनगरच्या कंपनीच्या क्वार्टरमध्ये वाढलेला. आमच्या दारावर पांढऱ्या रंगात नंबर होता आणि तो मला शाळेत जायच्या आधीच पाठ झाला होता. बांधावर जन्मलेल्याचं गाव काय लिहायचं, हे मला कुठल्या परिपत्रकात सापडेना. शेवटी सगळीकडं 'जळोची' लिहून मोकळा झालो.

मग तिनं माझी उलटतपासणी घेतली. सिमेंट किती दिवसांत वाळतं, दार कुठल्या बाजूला घ्यायचं, सही कोण करतं. मी म्हणालो, "एवढी घाई कसली, बाई? सगळं आयुष्य बाहेर काढलंत."

"सून हाय माझी, अनिता. गेल्या साली पौषात, चालत्या वाटंवर मोकळी झाली. वर पाल, खाली गारठा. पोरगं दोन दिस जगलं. आता तिला पुन्हा दिस गेल्यात. ह्या डावाला लेकरू भिंतीच्या आत व्हाया पायजे. किती म्हैन्यात देताय घर?"

"आम्ही कर्ज देतो. घर तुम्हीच बांधायचं."

"मग सही तरी वक्ताला द्या."

कर्ज मंजूर झालं. सतरा नंबरची जागा मी स्वतः चुन्याची फक्की टाकून आखून दिली. दीड महिन्यानं जोतं पाहायला गेलो. जोतं सुरेख होतं. दगड बसवलेले, कोपरे काटकोनात, आत मुरूम चोपून घेतलेला. फक्त ते सतरा नंबरवर नव्हतं. माझ्या पांढऱ्या रेघा एकीकडं आणि जोतं बारा फूट पलीकडं, ऐन आखलेल्या रस्त्यात!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हे काय केलंत? रेघा दिसल्या नाहीत?"

"दिसल्या की. पर तितं मेंढरं बसली न्हायीत."

"काय?"

बिरू खाली मान घालून उभा होता. गोजरबाईनं मला लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. मेंढरं रात्रीला कुठं बसवायची यावर त्यांचा जन्म गेलेला. कळप मोकळा सोडायचा, तो फिरून फिरून जिथं आपणहून बसेल तिथं शेजारी आपलं पाल ठोकायचं. ओल असलेली, पोकळ, खचणारी जागा मेंढरू धरत नाही. पाया खणायच्या आधी तिनं सलग तीन दुपारी कळप इथं आणला होता. तिन्ही दुपारी मेंढरं माझ्या रेघांच्या बाहेर बसली.

"तुमी फक्की टाकली, मी मेंढरं टाकली," ती म्हणाली. "आता कुणाचं खरं, ते बघा की."

मी सही केली नाही. जोतं मोडा आणि रेघेत बांधा, असं सांगून तरातरा निघालो. मागं अनिता उभी होती, सहावा महिना लागलेला. ती वाकून जोत्यावरची माती हातानं सारखी करत होती.

घर पाहावं बांधून म्हणतात ते घरमालकासाठी. मला मात्र दोन रात्री झोप नव्हती, आणि दयेपेक्षा जास्त कुतूहलानं पोखरलं होतं. चाळीस जनावरं तीन दिवस एकच जागा टाळतात, याला काहीतरी कारण हवं. तिसऱ्या दिवशी पहार घेऊन गेलो आणि म्हणालो, "आणा तुमची मेंढरं."

ती आली. घुटमळली, हुंगली, जोत्याच्या आजूबाजूला पाय दुमडून बसली. सतरा नंबर मोकळा. मी म्हणालो, सवय झाली असेल, उलट्या बाजूनं आणा. गोजरबाईनं हसत हसत वळसा घालून आणली. पुन्हा तेच. मग मी रेघेच्या मधोमध पहार मारली. दीड फूट मुरूम लागला, आणि पुढं पहार इतकी सहज गेली की मीच तोल जाऊन गुडघ्यावर आलो. खणलं तर राख, फुटकी कौलं, चिंध्या, कुजका पाला.

शेजारच्या रानातले अप्पा पहारीचा आवाज ऐकून आले. "आवो, हितं दगडाची खाण हुती बारकी. भरून टाकली त्याला दहा-बारा साल झाली."

"आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं कुठं?"

खरंच नव्हतं विचारलं. मी सगळ्या जमिनीच्या चार कोपऱ्यांत चार खड्डे घेतले होते, चारही ठिकाणी कठीण लागलं होतं, आणि मध्ये रेघा ओढून मोकळा झालो होतो.

आता माझं मन कसं चाललं तेही सांगतो. गप्प बसणं सोपं होतं. बाईनं जोतं मोडून भरावावर घर बांधलं असतं, भिंतींना तडे जायला दोन-तीन वर्षं लागली असती, तोवर माझी बदली. अहवाल लिहिणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तो विचार मी पूर्ण दोन चहा होईपर्यंत केला. मग जोत्यावरची माती सारखी करणारी अनिता आठवली, आणि स्वतःची लाज वाटली.

अहवाल लिहिला. जोतं राहू द्यावं, रस्ता बारा फूट सरकवून भरावावरून न्यावा. रस्ता खचला तर खडी टाकता येते, घराला टाकता येत नाही. वरिष्ठांनी विचारलं, "भराव आहे हे कळलं कसं?" मी म्हणालो, "स्थानिक चौकशीवरून." मेंढरांचं नाव घ्यायचं धैर्य झालं नाही. मला लेखी ठपका मिळाला. मंजुरीला दीड महिना लागला, आणि तेवढे दिवस गोजरबाई रोज ऑफिसच्या पायरीवर येऊन बसायची. चूक माझी होती आणि दिवस तिचे जात होते.

वैशाखात लिंटलच्या पाहणीला गेलो. भिंती उभ्या होत्या, वर स्लॅब नव्हता. चारही भिंतींवर घोंगड्या ताणून बांधलेल्या. मी आत पाऊल टाकणार तेवढ्यात गोजरबाई आडवी आली.

"आज आत न्हाय यायचं, सायब. भायेरनंच बघा. बाळंतीण हाय."

आतून बारीक, चिडका, चांगला दणदणीत आवाज आला. मी भिंतीला पाठ टेकून खाली बसलो आणि सही तिथंच, मांडीवर कागद ठेवून केली.

"आनि एक कागद हाय," ती म्हणाली. पोराच्या जन्माच्या नोंदीचा फॉर्म बिरूनं आणून ठेवला होता. तिला वाचता येत नव्हतं, पण कुठली रेघ रिकामी आहे ते बरोबर ठाऊक होतं. तिनं त्यावर बोट ठेवलं.

मी मुद्दाम विचारलं, "कंचा लिहू? पावसाळ्यातला का उन्हाळ्यातला?"

या खेपेला ती हसली. मग हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते तिनं पुसलंही नाही.

"एकच हाय आता," ती म्हणाली. "लिवा."

मी लिहिलं: घर क्रमांक सतरा, जळोची. तिनं ते मला मोठ्यानं वाचायला लावलं. मग घोंगडीपलीकडं अनिताला नीट ऐकू जावं म्हणून आणखी एकदा.