मागितल्याशिवाय द्यायचे नाहीत

लाचलुचपतवाल्यांचं पत्र आलं तेव्हा मी खालापूरला जनावरांच्या दवाखान्यात कारकून होतो. त्यांच्या सापळ्याला साक्षीसाठी पंच लागतात, तेही दुसऱ्या खात्यातले सरकारी नोकर. आमच्याकडे येणारे सगळे चार पायांचे, त्यामुळे मी आपोआपच स्वच्छ राहिलो असणार, असा आमच्या डॉक्टरसाहेबांचा समज असावा.

तक्रारदार कशेळ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीतला ठाकूर आदिवासी होता. त्याच्या मुलीला नर्सिंगला जागा मिळाली होती, पण जातीचा दाखला चार दिवसांत पोचला नाही तर ती जागा हातची जाणार होती. कर्जतच्या एका कार्यालयातला बाबू दोन हजारांसाठी त्याला महिनाभर झुलवत होता.

अधिकाऱ्यांनी नोटांना पावडर लावून त्या तक्रारदाराच्या खिशात ठेवल्या आणि त्याच्याकडून एकच गोष्ट दहादा घोकवून घेतली. बाबूने तोंडाने मागितल्याशिवाय द्यायचे नाहीत. मी सोबत जायचं ते मुलीचा मामा म्हणून. इस्त्रीची पँट आणि ही ढेरी घेऊन मी वाडीतला मामा कसा दिसणार, हे कोणी विचारलं नाही.

आत गेलो तर बाबू मागेचना. चहा पीत पंख्याकडे बघत बसला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. शेवटी आमच्या माणसाने हात जोडले.

"सायेब, तुमी मागा ना. मागल्याबिगर द्यायचं नाय, असं सांगलंय मला."

बाबूने आधी माझ्या पँटकडे पाहिलं, मग खिडकीतून समोरच्या रसाच्या गाड्यावर कधीपासून उभ्या असलेल्या पाच धडधाकट गिऱ्हाइकांकडे. खण उघडून त्याने दाखला काढला.

"घ्या मामा, तयारच होता."

सही महिन्यापूर्वीची होती. ती तारीख वाचून त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, पण पंचाला तेवढी मुभा नसते.

सापळा फुकट गेला. परतताना जीपमध्ये लाचलुचपतचे साहेब कपाळाला हात लावून बसले होते आणि ठाकूर दाखला उलटसुलट करून बघत होता. कशेळ्याच्या फाट्यावर उतरल्यावर तो खिडकीशी आला.

"पुढल्या साली धाकट्याचा दाखला काढायचा हाय. तवा बी याल ना तुमी सगळी?"

साहेबांनी ड्रायव्हरला गाडी काढायची खूण केली. मी "हो" म्हणालो, आणि त्या "हो"ची मला आजही लाज वाटते.