राहिलेला शेक

अक्काची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, बंद झालेली पाळी पुन्हा सुरू झाली, तेव्हा घरात ते हसण्यावारी गेलं. पोरं आपापल्या मार्गाला लागल्यावर ती येलहंक्याहून आमच्याकडे राजाजीनगरला राहायला आली होती. माझी बायको तिला चिडवायची, "काय अक्का, नव्याने संसार मांडायचाय का?"

"मांडते की. सासू तू हो," अक्का म्हणायची.

पण आमच्याकडे पाळीत बाजूला बसायची रीत. हे रक्त कधीही यायचं. सारखं बाजूला बसलं तर स्वयंपाक एकट्या बायकोवर पडेल, म्हणून अक्काने सांगणंच सोडलं. बायकोने विचारलं तर म्हणायची, "आहे गं, स्वल्प."

स्वल्प म्हणजे थोडंसं. आमच्या बंगळुरी मराठीत हा शब्द दिवसभर चालतो. भात स्वल्प वाढ, स्वल्प सरक. मी कारखान्यात मोजमापं तपासतो. तिथे कुणी स्वल्प म्हटलं तर मी लगेच विचारतो, म्हणजे किती? हे स्वल्प मात्र बायकांतच राहिलं.

पुढे एकदा कंबर धरून ती पायरीवर बसली आणि तिला उठवेना, तेव्हा आम्ही तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई कानडीत विचारत होत्या. रक्त किती जातं? स्वल्प. दुखतं? स्वल्प. तपासून झाल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर होता आणि तो पसरला होता. विजेचा शेक, म्हणजे किरणांचा उपचार, देऊन पाहू, म्हणाल्या, पण फार आशा धरू नका.

मी कारण विचारलं. कारण कळलं की दुरुस्ती करता येते, ही माझी कारखान्यातली सवय.

त्यांनी उलट मलाच विचारलं, "लग्न कितव्या वर्षी झालं?"

"तेराव्या."

"पहिलं मूल?"

"पंधराव्या. एकूण आठ."

"नेमकं कारण आम्हालाही माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण लहानपणी लग्न झालेल्या, लागोपाठ बाळंत झालेल्या बायकांत हा जास्त दिसतो."

मी ते आकडे मनात पुन्हा मांडून पाहिले. त्यातला एकही अक्काने ठरवलेला नव्हता. आणि त्यातला एकही आता बदलता येणार नव्हता. तिच्या लग्नात मी तिच्याच मांडीवर झोपी गेलो होतो, असं आई सांगायची.

परतताना घोड्याच्या जटक्यात अक्काने विचारलं, "काय म्हणाल्या रे बाई? माझं काय चुकलं?"

"तुझं काही चुकलं नाही. विजेचा शेक घ्यायला सांगितलाय."

"शेक?" तिचा चेहरा एकदम उजळला. "बघ! धाकटीच्या बाळंतपणात मी शेगडीचा शेक घेतलाच नव्हता. घरात करायला कुणी नव्हतं, पाचव्या दिवशी चुलीपाशी उभी राहिले. तोच राहिलेला शेक आता देतायत."

तसं नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं. मग खरं काय ते सांगावं लागलं असतं. ते सांगून तिच्या हाती काय पडणार होतं? मी जटकेवाल्याला सावकाश हाकायला सांगितलं.

ती शेकाला हौसेने जायची. जाताना बायकोला बजावायची, "तू बाळंतपणात शेकाचा आळस करू नकोस गं, माझं बघतेस ना." जेवण जाईना, उभं राहवेना, तरी तिचा भरवसा सुटला नाही. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच शेक थांबवला. आता उपयोग नाही, एवढंच मला म्हणाल्या.

घरी आल्यावर अक्काने भिंतीकडे तोंड करूनच विचारलं, "संपला का रे शेक? की राहिलाय अजून?"

"राहिलाय," मी म्हणालो. "स्वल्प."

किती, ते तिने विचारलं नाही.