कुलपातली ब्लँकेटं

आश्रमाचा हिशेब चोख होता. राग त्याचाच येतो. कुणी चोरलं असतं तर चोर म्हणून मोकळी झाले असते.

दुष्काळानंतरचा तो हिवाळा. नवऱ्यांनी मारून काढलेल्या बायकांसाठी हिंगोलीत एक लहानसा आश्रम होता. मी चौथीत शाळा सुटलेली, माहेर पार कोल्हापूरकडं. पुसेगावच्या सासरहून नेसत्या लुगड्यानिशी तिथं आले. कुणी हाकललं नाही, भाकर मिळाली. ते उपकार मी आजही मानते. तेव्हा तर इतके मानायची, की पाणी पिताना तांब्याचासुद्धा आवाज होऊ द्यायची नाही. काढलं तर जायचं कुठं?

शेजारी साखऱ्याची असायची. आम्हाला तिथं गावावरूनच हाका मारत. तिच्या मांडीवर महिन्याचं लेकरू, खोकून खोकून निळं पडणारं. खाली फरशी, वर पत्रा. आणि समोर लोखंडी कपाटात, कुलपात, वारंगा फाट्याच्या एका दुकानदार शेठनी दिलेली लोकरी ब्लँकेटं.

ती एक मागायला गेली. सेक्रेटरी साहेब म्हणाले, "दात्याची वस्तू आहे. खराब झाली तर हिशेब कोण देणार, तू?"

परत येऊन ती गाठोडं बांधायला लागली.

"काहून गं?" मी विचारलं. एव्हाना मीही तिथलंच बोलायला लागले होते.

"तिथं मार हाय बाई, पर गोधडी बी हाय. लेकरू तर वाचंल."

"तो जीव घेईल तुझा."

"घेऊ दे की. याचा तर न्हाई घेणार."

दुसऱ्या दिवशी शेठ पाहणीला येणार होते. तेवढं होईस्तोवर थांब म्हणून मी तिच्या हातापाया पडले.

सकाळी कपाट उघडलं. प्रत्येकीच्या जागेवर घडी केलेलं एकेक ब्लँकेट मांडलं, वर हात न लावायची ताकीद. शेठनी लोकर चाचपली. "वा साहेब, अगदी कोरी ठेवलीत!" साहेब फुलले. त्यांनी मला खूण केली. चौथी शिकलेली म्हणून आभाराचे दोन शब्द मी बोलायचे होते.

मी तोंड उघडायच्या आत साखऱ्याची उभी राहिली. त्यांच्या बौद्धवाड्यात जयंती झाली की वर्गणीचा हिशेब सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचत, आणि बाईमाणूसही उठून विचारू शके. तिला वाटलं, हीसुद्धा तसलीच बैठक.

"शेठ, ब्लँकेटं बराबर हायेत. पर पांघरली कुणी, ते बी इच्यारा की."

"बस खाली!" साहेब ओरडले. "खाल्ल्या मिठाला तरी जाग."

शेठ गोंधळले. "म्हणजे, रात्री देत न्हाई व्हय यांना?"

"तुमचीच वस्तू जपून राहिलो, शेठ."

आणि शेठनी मान डोलावली. डोलावली! तिथं माझं डोकं फिरलं. माझ्या जागेवरचं ब्लँकेट उचललं, घडी मोडली आणि लेकराभोवती गुंडाळलं.

"ठेव ते! मोजून कपाटात जायचंय."

"मोजा की," मी म्हणाले. "लेकरासकट मोजा."

शेठसमोर लेकराच्या अंगावरून ते ओढायला साहेबांचा हात धजला नाही. बाकीची संध्याकाळी पुन्हा कुलपात गेली. साखऱ्याचीनं मात्र गाठोडं सोडलं आणि लेकराची फडकी परत खुंटीला अडकवली.