भरून सुटलेला माणूस

सिंदीच्या एका कापसाच्या जिनिंग कंपनीत माझे बाबा रोखपाल होते. कंपनी तिघा भागीदारांची. त्यातले थोरले भागीदार दारातूनच सांगत, अमक्या गाडीवाल्याला उचल द्या, आणि बाबा गल्ल्यातून काढून देत. चिठ्ठी मागायची रीत नव्हती. थोरल्यांकडे चिठ्ठी मागणं म्हणजे त्यांच्या तोंडावर अविश्वास दाखवणं. पुढे भागीदारांत बिनसलं, हिशेब झाला, रक्कम कमी निघाली आणि थोरल्यांनी सरळ हात वर केले. आमच्या घरी पाटावर बसून जेवून गेलेला माणूस तो!

पोलिसांनी बाबांना धरलं. जामिनावर सुटून आले ते आठवड्याभरात म्हातारे होऊन.

तेव्हा आमची राजधानी नागपूर होती आणि कोर्टातले शब्द निम्मे उर्दू. वर्ध्याच्या वकिलांनी आईला गुन्ह्याचं नाव सांगितलं, अमानतीत खयानत. विश्वासाने हाती दिलेलं गिळणं. कंपनीला दोन वाटा होत्या, ते म्हणाले. दिवाणी दावा लावून वसुली करायची, नाहीतर फौजदारी करायची. दिवाणीत वर्षं जातात. फौजदारीत घरचे घाबरतात आणि पैसा लवकर निघतो.

बाबांचं एकच म्हणणं होतं, खटला चालू द्या. न्यायाधीशाने एकदा सगळ्यांसमोर म्हणावं की या माणसाने पैसे घेतले नाहीत. पण साक्षीला कोण येणार? गाडीवाले बाबांना पाहून मान खाली घालत. पुढच्या हंगामात त्यांना त्याच फाटकातून आत जायचं होतं. त्यांच्यावरचा माझा राग केव्हाच निवला. थोरल्यांवरचा नाही निवला, आणि निवावा असं वाटतही नाही.

आईच्या नावावर माहेरचा भाजीचा मळा होता. तिने तो बाबांना न विचारता विकला आणि रक्कम कंपनीत भरली. कंपनीने तडजोड केली, कोर्टाने परवानगी दिली. बाबांना हे कळलं ते कोर्टात उभं राहिल्यावर. कायद्याने तुम्ही निर्दोष सुटलात, असं वकील हसून म्हणाले. पण बाबांना हवं होतं ते वाक्य कोणी उच्चारलंच नाही. गावाने मात्र आपलं वाक्य लगेच तयार केलं, भरले म्हणून सुटला.

घरी आल्यावर बाबांनी टोपीसुद्धा काढली नाही. उभ्या उभ्या आईला विचारलं, "तुलेबी वाटलं का, म्या घेतले म्हनून?"

"मले तुम्ही घरी पाह्यजे होते," आई म्हणाली.

"थे नाई इचारलं मी."

आई चूल पेटवायला बसली. त्या प्रश्नाला तिने कधीच उत्तर दिलं नाही. तिला काय वाटलं होतं, हे मलाही विचारता आलं नाही. भीती वाटायची.

नोकरी कोणी देईना, तेव्हा दोघं बाजारात भाजी घेऊन बसू लागली. विकलेल्या मळ्यातलीच वांगी आई विकत आणायची. बाबा तोलून द्यायचे, वर दोन मिरच्या घालायचे. गिऱ्हाईकाने पैसे पुढे केले की हात मागे घ्यायचे आणि म्हणायचे, "तिच्याजवळ द्या."

मरेपर्यंत त्यांनी पैशाला हात लावला नाही. आई पैसे घ्यायची, आणि घेताना त्यांच्याकडे बघायची नाही.